वर्गप्रतिनिधीची वही

तुमच्या वर्गात मॉनिटर असतो. तो फळा पुसतो, खडू आणतो, शिक्षक वर्गात नसताना गडबड करणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहून ठेवतो. हजेरीपट वर्गात आणणे आणि परत नेऊन ठेवणे हेही त्याचेच काम. पण त्याला निवडतो कोण? बहुतेक वेळा वर्गशिक्षक. आणि तो काम कोणाचे करतो? वर्गशिक्षकांचेच. शिक्षकांचे म्हणणे तो वर्गापर्यंत आणतो.

आता याच्या उलट विचार करा. वर्गाचे म्हणणे शिक्षकांपर्यंत कोणी न्यायचे? खिडकीची काच फुटली आहे, पावसाचे पाणी आत येते, गणिताचे दोन धडे कोणालाच समजलेले नाहीत, अशा गोष्टी कोणी सांगायच्या? शाळेत एखादा धीट मुलगा उठतो आणि सांगून टाकतो. शाळा लहान असते. सर्व शिक्षक आपल्याला ओळखतात, आपल्या घरच्यांनाही ओळखतात. म्हणून तेथे फारसे अडत नाही.

विद्यापीठात मात्र अडते. का अडते, ते पाहू.

सांताक्रूझ स्टेशनच्या पूर्वेला कालिना नावाची वस्ती आहे. तेथे मुंबई विद्यापीठाचा मोठा परिसर आहे. त्याला विद्यानगरी म्हणतात. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याची जुनी इमारत आणि राजाबाई टॉवर फोर्ट भागात आहेत. पण पदवीनंतरचे पुढचे शिक्षण देणारे बहुतेक विभाग कालिन्याला आहेत. मराठीचा विभाग आहे, उर्दूचा आहे, अर्थशास्त्राचा, गणिताचा, रसायनशास्त्राचा आहे. विभाग म्हणजे एका विषयाचे घर समजा. त्या घराचे प्रमुख म्हणजे विभागप्रमुख. पण फी भरायची एका कार्यालयात, शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या कार्यालयात, परीक्षेची चौकशी तिसऱ्याच इमारतीत. नवा विद्यार्थी पहिले पंधरा दिवस नुसता खिडक्यांसमोर उभा असतो.

शिवाय हे विद्यार्थी एका गल्लीतले नसतात. कोणी बोरिवलीहून येतो, कोणी मुलुंडहून, कोणी घाटकोपरहून. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. त्याआधी अंधेरी आणि घाटकोपर ही दोन उपनगरे नकाशावर जवळ असली तरी बसने फार दूर वाटत. गाडी चुकू नये म्हणून तास संपताच सगळे स्टेशनाकडे धावतात. अशा वर्गाचे सुखदुःख एकत्र गोळा करून योग्य माणसापुढे मांडणारा कोणीतरी लागतो. त्यालाच वर्गप्रतिनिधी म्हणतात. असे प्रतिनिधी आणि एखाददुसरे शिक्षक मिळून विद्यार्थी समिती किंवा विद्यार्थी परिषद तयार होते. उर्दूत तुम्ही ज्याला नुमाइंदा म्हणता, तोच हा प्रतिनिधी.

प्रतिनिधी कसा निवडायचा, हे कायद्याने ठरते. महाराष्ट्रात पूर्वी विद्यार्थ्यांच्या निवडणुका होत. त्या निवडणुकांत हळूहळू पैसा शिरला, मारामाऱ्या शिरल्या. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या काळात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पुढे १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला आणि निवडणुका बंद झाल्या. आदल्या वर्षीच्या परीक्षेत वर्गात चमकलेल्या विद्यार्थ्याला प्रतिनिधी नेमावे, असे त्या कायद्याने ठरवले. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक विद्यार्थी आणि दोन विद्यार्थिनी यांनाही परिषदेत घेतले जाई. मारामाऱ्या थांबल्या, हे चांगले झाले. पण जास्त गुण मिळवणारा विद्यार्थी इतरांच्या अडचणी समजून घेईलच असे नाही. ती विद्या वेगळी आहे आणि ती शिकावी लागते. आमच्या वर्गप्रतिनिधीने ती कशी शिकली, ते मी जवळून पाहिले आहे.

त्या वेळी मी उपनगरातल्या एका विद्यापीठ विभागात एम. ए. करत होतो. १९९४ च्या कायद्याप्रमाणे प्रतिनिधी नेमले जात, तो हा काळ. वर्गात आम्ही ३८ जण होतो. निम्मे कुठे ना कुठे नोकरी करणारे. पहिल्या महिन्यात कोणालाच कोणाचे नाव पाठ नव्हते, म्हणून आम्ही एकमेकांना स्टेशनच्या नावाने हाक मारू लागलो. “ए बोरिवली, पेन दे.” “घाटकोपर, उद्या येणार का?” ती सवय शेवटपर्यंत टिकली. मला सगळे अंधेरी म्हणत. आमची प्रतिनिधी होती मुलुंड. तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते आणि ती सर्वांत कमी बोलत असे. तिची नेमणूक झाल्याचे कळले तेव्हा आम्ही हसलो होतो.

पहिले सत्र संपत आले आणि एके दिवशी सूचनाफलकावर हजेरीची यादी लागली. सत्रात १२० तास झाले होते. परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी हवी, म्हणजे ९० तास. पाच जणांची हजेरी कमी भरली होती. त्यांत घाटकोपरचे ८४ तास होते आणि बोरिवलीचे ८०. परीक्षेला बसता आले नाही तर सत्र वाया जाणार, फी वाया जाणार. घाटकोपर सकाळी साकीनाक्याच्या एका छापखान्यात काम करून दुपारी वर्गात येत असे. त्याच्या घरात तोच पहिला एम. ए. होणार होता.

वर्गात कुजबुज सुरू झाली. हजेरी चुकीची मोजली आहे, असे जो तो म्हणू लागला. मुलुंडने ते ऐकले आणि ती तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. मी आणि आणखी दोघे तिच्या मागे उभे होतो.

ती म्हणाली, “सर, सगळा वर्ग म्हणतो की हजेरी चुकीची मोजली आहे.”

सरांनी चष्मा काढला. “सगळा वर्ग म्हणजे किती जण?”

ती गप्प.

“कोणत्या तारखेची हजेरी चुकली? कोणाच्या तासाची?”

ती पुन्हा गप्प.

सर रागावले नाहीत. म्हणाले, “माहिती घेऊन ये, मग बोलू.” आम्ही मान खाली घालून बाहेर आलो.

बसथांब्याजवळच्या दुकानातून तिने एक वही घेतली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. तिथेच उभ्या उभ्या तिने पहिल्या पानावर पट्टीने चार रकाने आखले. तारीख. कोणाची काय अडचण. कोणाकडे नेली. उत्तर काय आले. चौथा रकाना तिने सर्वांत रुंद ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती पाचही जणांना एकेकट्याला गाठून विचारू लागली. चौघांनी भराभर सांगितले. घाटकोपर मात्र काही बोलेना. “जाऊ दे, मी पुढच्या वर्षी बघेन,” एवढेच तो म्हणे. त्याचे दहावीपर्यंतचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले होते. मराठी त्याला चांगली समजत असे, पण विभागप्रमुखांपुढे बोलताना चूक झाली तर लोक हसतील, ही त्याची भीती. मुलुंड त्याला म्हणाली, “तू तुझ्या भाषेत सांग. लिहिणार मी आहे.”

मग तो बोलला. छापखान्याला शनिवारी दुपारनंतर सुट्टी असे. त्यामुळे शनिवारच्या चर्चासत्राला तो कधीच चुकला नव्हता. बारा शनिवार, दर शनिवारी दोन तास. तो प्रत्येक वेळी हजर होता.

मुलुंडने लिहिता लिहिता पेन थांबवले. शनिवारच्या सह्या आम्ही सुट्या कागदावर करत असू. ते कागद कुठे गेले? ती कार्यालयात गेली. कागद एका फायलीत नीट लावलेले होते, पण मुख्य हजेरीपटात ते कोणी उतरवलेच नव्हते. चूक कोणाची, हे शोधत बसण्यात तिने वेळ घालवला नाही.

आता हिशेब पाहा. काही जण म्हणाले, ८४ मध्ये २४ मिळवा, १०८ झाले, काम फत्ते! मुलुंडने ते मानले नाही. हजेरीत २४ तास वाढवायचे, तर झालेल्या एकूण तासांतही २४ वाढवायला हवेत. १२० आणि २४ मिळून १४४. त्यांचे ७५ टक्के किती? बरोबर १०८. घाटकोपर काठावर पास होत होता, एक तासही इकडे तिकडे नाही. बोरिवली २४ पैकी २० तास आला होता. त्याचे १०० झाले, म्हणजे ६९ टक्क्यांच्या थोडे वर. तो पास होत नव्हता.

इतक्यात एक नवीच अडचण उभी राहिली. ती अडचण म्हणजे मी.

माझी हजेरी १२० पैकी ९२ होती. यादीत माझे नाव नव्हते, मी निश्चिंत होतो. पण शनिवारी मी क्रिकेट खेळायला जात असे. २४ पैकी फक्त सहा तास मी आलो होतो. नव्या हिशेबाने माझे ९८ तास होत होते, १४४ पैकी. म्हणजे ६८ टक्के. घाटकोपर वाचला तर मी बुडणार!

मी मुलुंडवर चिडलो. “तू त्याची प्रतिनिधी आहेस तशी माझीही आहेस ना? मग माझे नुकसान करणारा अर्ज तू कसा देतेस?”

खरे सांगायचे तर शनिवारी दांडी मारणारा मीच होतो. घाटकोपर नोकरी सांभाळून येत होता आणि मी स्टेशनच्या पलीकडे राहून येत नव्हतो. तिने हे मला सुनावले असते तर मला उत्तर देता आले नसते. पण तिने सुनावले नाही. माझी अडचणही तिने वहीत लिहिली. तारीख घालून लिहिली.

आमच्या विभागाची एक लहानशी विद्यार्थी समिती होती. पहिल्या वर्षाची प्रतिनिधी, दुसऱ्या वर्षाचा प्रतिनिधी, पीएच. डी. करणारी एक विद्यार्थिनी आणि सल्ला द्यायला एक प्राध्यापिका. कँटीनच्या कोपऱ्यात त्यांची बैठक झाली. त्या प्राध्यापिकेने एकच प्रश्न विचारला, “शनिवारचे तास सक्तीचे आहेत, असे सत्राच्या सुरुवातीला कुठे लिहिले होते का?” वेळापत्रक काढून पाहिले. लिहिलेले नव्हते. जी गोष्ट सक्तीची म्हणून सांगितली नव्हती, तिला न आल्याबद्दल कोणाचे नुकसान करणे बरोबर नाही. आणि जो आला, त्याचे येणे शून्य धरणेही बरोबर नाही.

अर्ज मराठीत लिहिला गेला. तो मला अजून जवळजवळ पाठ आहे. त्यात रडगाणे नव्हते की घोषणा नव्हत्या. या सत्रापुरती प्रत्येकाची हजेरी दोन्ही रीतींनी मोजावी आणि जी जास्त भरेल ती धरावी; पुढच्या सत्रापासून शनिवारचे तास वेळापत्रकात छापावेत आणि सर्वांसाठी मोजावेत, एवढीच विनंती होती. सोबत शनिवारच्या सह्यांच्या कागदांच्या प्रती, पाच जणांचा तक्ता आणि वर्गातल्या ३५ जणांच्या सह्या. शेवटची सही माझी होती.

या वेळी सरांनी तारखा विचारल्या तेव्हा मुलुंडने वही उघडून पुढे ठेवली. सरांनी तक्ता दोनदा वाचला, कार्यालयातून फाइल मागवली, स्वतः बेरीज केली. दोन दिवसांनी नवी यादी लागली. पाचांपैकी तिघांची नावे निघाली होती. घाटकोपरच्या नावापुढे ७५ हा आकडा होता. बोरिवली आणि आणखी एक जण यादीत राहिलेच.

बोरिवलीसाठी मुलुंड पुन्हा आत गेली होती. आजारपणाचा डॉक्टरी दाखला असेल तर नियमात थोडी सवलत होती. नोकरीसाठी नव्हती. खोटा दाखला आणतो, असे बोरिवली म्हणाला होता. तसला कागद मी पुढे नेणार नाही, असे तिने त्याला सांगितले. त्याला ते आवडले नाही. बरेच दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

मग ती वर्गासमोर उभी राहिली. तेव्हाही तिचा आवाज बारीकच होता. काय मागितले, काय मिळाले, काय मिळाले नाही, तिने सगळे सांगितले. “दोघांच्या बाबतीत मला काही करता आले नाही,” हे वाक्य तिने सर्वांसमोर उच्चारले. पुष्कळ पुढारी हे वाक्य टाळतात. परत येऊन वर्गाला खरे उत्तर सांगणे हे प्रतिनिधीच्या कामाचे निम्मे अंग आहे, असे मला वाटते.

येथे थोडे थांबून तुम्हांला एक गंमत सांगतो. अर्ज, मुदत, शिफारस, हजर, दाखला, तक्रार, कायदा, रजा हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. ते फारसी-अरबीतून आलेले आहेत. म्हणजे विद्यापीठाच्या कार्यालयातली निम्मी मराठी तुम्हांला घरूनच येते! मात्र सगळ्यांचे अर्थ सारखे नाहीत. तुमच्याकडे ‘दाखिला’ म्हणजे शाळेत प्रवेश, आणि मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र. शाळा सोडतानाही ‘दाखला’ मिळतो. उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वादावादी, मराठीत ‘तक्रार’ म्हणजे गाऱ्हाणे. ‘कायदा’ हे तुमचे अक्षरओळखीचे पहिले पुस्तक, मराठीत मात्र तो सरकारचा नियम. ‘रजा’ उर्दूत मर्जी किंवा संमती, मराठीत सुट्टी. घाटकोपरने एकदा हे सगळे आम्हांला कँटीनमध्ये समजावून सांगितले होते. मराठीत बोलताना तो अडखळत होता आणि कोणीही हसले नाही.

गाऱ्हाणी मांडणे एवढेच समितीचे काम नसते. आमच्या समितीने नव्या विद्यार्थ्यांसाठी एका कागदावर परिसराचा नकाशा काढून फलकावर लावला होता. कोणते कार्यालय कुठे, किती वाजेपर्यंत उघडे, कोणती बस कोणत्या स्टेशनला जाते, हे त्यात लिहिले होते. जुन्या विद्यार्थ्यांची पुस्तके गोळा करून ती नव्यांना वापरायला दिली जात. शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत असे. तो भरायला मदत करण्यासाठी समितीचे कोणीतरी आठवड्यातून एकदा वाचनालयाबाहेर बसत असे. ही कामे दिसायला किरकोळ आहेत. पण मुदत उलटून गेल्यामुळे शिष्यवृत्ती हुकलेल्या मुलाला विचारा, ती किती किरकोळ आहेत!

पवईला भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. ती १९५८ साली सुरू झाली. तेथे देशभरातून मुले येतात आणि वसतिगृहात राहतात. घरापासून दूर, अभ्यास अवघड, भोवती सगळेच हुशार. अशा वेळी एखादा मुलगा आतून खचतो आणि कोणाला सांगत नाही. म्हणून तेथे वरच्या वर्गातले विद्यार्थी खालच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक होतात. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी अशी योजना आहे आणि विभागांतही अभ्यासात मागे पडलेल्यांसाठी ती चालते. मार्गदर्शक विषय समजावून देतो, सोबत जेवायला नेतो, आणि प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला तर शिक्षकांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जातो. घरात मोठा भाऊ किंवा आपा जे करते, तेच हे काम.

प्रतिनिधीच्या हातात सगळेच नसते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत सुरू केली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका होत्या. तपासणी रखडली. उन्हाळ्यात झालेल्या परीक्षांचे निकाल जुलै उलटला तरी पूर्ण लागले नाहीत. कोणाचा पुढचा प्रवेश अडला, कोणाची नोकरी अडली. अशा वेळी एका वर्गाचा प्रतिनिधी निकाल खेचून आणू शकत नाही. पण कोणाला कोणत्या तारखेच्या आत कोणता कागद हवा आहे, याची यादी तो करू शकतो. ‘विद्यार्थ्यांचे हाल होत आहेत’ हे वाक्य ऐकून अधिकारी मान हलवतात. ‘या सात जणांना शुक्रवारपर्यंत पत्र हवे आहे’ या वाक्याला मात्र त्यांना काहीतरी उत्तर द्यावे लागते.

आता नियमही बदलले आहेत. २००५ साली केंद्र सरकारने माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. विद्यार्थ्यांच्या निवडणुका कशा घ्याव्यात, हे तिने सुचवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली त्या सूचना लागू केल्या. उमेदवाराने ५००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करू नये, छापील भित्तिपत्रके लावू नयेत, हाताने लिहिलेली लावावीत. आणि उमेदवाराची स्वतःची हजेरीही ७५ टक्के असावी! पुढे महाराष्ट्रात २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. महाविद्यालयांप्रमाणेच विद्यापीठाच्या विभागांसाठीही विद्यार्थी परिषद असावी आणि अध्यक्ष, सचिव, वर्गप्रतिनिधी, विद्यार्थिनींचा प्रतिनिधी, मागास समाजांचा प्रतिनिधी हे विद्यार्थ्यांनी मत देऊन निवडावेत, असे त्यात म्हटले आहे. २०१९ साली या निवडणुका व्हायच्या होत्या, पण त्या पुढे ढकलल्या गेल्या. कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली गोष्ट वर्गात यायला कधी कधी फार वेळ लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी समिती असावी लागते. तीत प्राध्यापक असतात आणि एका विद्यार्थी प्रतिनिधीलाही खास बोलावले जाते. समितीने कामाच्या १५ दिवसांच्या आत आपला अहवाल द्यायचा असतो. तेवढ्याने समाधान झाले नाही तर विद्यार्थी लोकपालाकडे जाऊ शकतो. नव्या मुलांची छळवणूक, म्हणजेच रॅगिंग, थांबवण्यासाठी २००९ सालापासून वेगळे नियम आहेत. त्या समितीतही नव्या आणि जुन्या विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असतात. हे सारे तुम्हांला आजच लागणार नाही. पण पाच-सहा वर्षांनी तुमच्यापैकी कोणीतरी विद्यापीठाच्या एखाद्या खिडकीसमोर उभे असेल.

आमच्या वर्गाचे पुढे काय झाले, तेही सांगतो. दुसऱ्या सत्रात शनिवारचे तास वेळापत्रकात छापून आले. माझे क्रिकेट सुटले. घाटकोपर दोन्ही वर्षे पास झाला. बोरिवलीने पुढच्या वर्षी ते सत्र पुन्हा केले. मुलुंडने आपल्या सगळ्या टिपणांच्या वह्या त्याला दिल्या होत्या आणि त्याने त्या घेतल्या.

निरोपसमारंभाच्या दिवशी मुलुंडने ती निळी वही नव्या प्रतिनिधीच्या हाती दिली. तो बोरिवलीच होता. त्याच्या नव्या वर्गाने त्याचेच नाव सुचवले होते. सरांनी सगळे गुण पाहिले, थोडा विचार केला आणि होकार दिला. त्याने वही उघडून शेवटचे लिहिलेले पान काढले. तिथे एक नोंद होती: ‘वाचनालय शनिवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत उघडे ठेवावे.’ कोणाकडे नेली, तेही लिहिले होते. चौथा रकाना रिकामा होता. त्याने खिशातून पेन काढले, पुढच्या कोऱ्या पानावर त्या दिवसाची तारीख घातली आणि तीच नोंद पुन्हा उतरवली.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) मॉनिटर आणि वर्गप्रतिनिधी यांच्या कामात कोणता फरक आहे?
(आ) पहिल्या भेटीत विभागप्रमुखांनी मुलुंडला परत का पाठवले?
(इ) लेखकाने अर्जावर सर्वांत शेवटी सही का केली असेल?

२. घाटकोपर, बोरिवली आणि लेखक यांची हजेरी दोन्ही रीतींनी मोजून तक्ता तयार करा.

३. ‘दाखला’, ‘तक्रार’, ‘रजा’ हे शब्द मराठी अर्थाने वापरून एकेक वाक्य लिहा.

४. खोटा दाखला पुढे न्यायला मुलुंडने नकार दिला. तुम्ही तिच्या जागी असता तर काय केले असते? वर्गात चर्चा करा.

५. तुमच्या वर्गाची एक खरी अडचण निवडा. चार रकाने आखून ती वहीत लिहा आणि मुख्याध्यापकांना मराठीत अर्ज लिहा.